एका सकाळचं मानधन

आमच्या घरात लिहिता लिहिता बोलता येत नाही. बोलायचं तर हातातलं पेन खाली ठेवावं लागतं आणि समोरच्याचं ऐकायचं तर कागदावरून मान वर करावी लागते. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. तिघांत ऐकू येणारी मी एकटी. त्यामुळे दरवर्षी ज्या रविवारी माझं करविवरणपत्र भरायचं असतं, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पेनं सारखी खाली-वर होत असतात आणि दुसऱ्या घरी अर्ध्या तासात उरकणारं काम आमच्याकडे अख्खी दुपार खातं.

विवरणपत्र माझं, पण भरतात बाबा. आधी पेन्सिलीने, बारीक टोक करून. मग मी त्यावरून शाईने गिरवायचं. बाबा बाइंडर आहेत. दोन खणांचं त्यांचं दुकान आहे आणि शाळांची हजेरीपुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं, कुणाच्या फाटक्या शब्दकोशाची नवी पाठ अशी कामं तिथे चालतात. छापील कागदावर त्यांचा फार जीव. त्यातून फॉर्म म्हणजे तर बघायलाच नको. ते म्हणतात, फॉर्म पुटपुटत नाही, बोलताना तोंड फिरवत नाही, मिशांच्या आड ओठ लपवत नाही. जे विचारायचं ते स्वच्छ छापून विचारतो आणि उत्तराची वाट बघत गप्प बसतो. इतका सभ्य सरकारी माणूस त्यांना दुसरा भेटलेला नाही.

माझं विवरणपत्र तसं नीरस. मी एका चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, महिन्याचा पगार येतो, कर तिथेच कापला जातो. बाबांना कला दाखवायला फारसा वाव नसतो.

या वर्षी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "सगळे कागद दिलेस?"

"सगळे," मी म्हणाले.

आई पलीकडे इस्त्री करत होती. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. दिवसभर चादरी दाबून घरी आली तरी तिला इस्त्रीशिवाय करमत नाही. तिने इस्त्री उभी केली आणि एका हाताने म्हणाली, "आणि त्या सकाळचे पैसे?"

आईच्या पोटात काही राहत नाही. बोलण्याच्या बाबतीत हात आखडता घेणं तिला जन्मात जमलेलं नाही.

"कुठल्या सकाळचे?" बाबांनी भुवया वर केल्या.

"तपकिरी बुटांच्या," आई म्हणाली आणि पुन्हा इस्त्री उचलून मोकळी झाली.

झालं होतं ते असं. चार महिन्यांपूर्वी नगरपालिकेने पोहण्याचा जुना तलाव बंद करायचं ठरवलं आणि त्यावर जाहीर सुनावणी ठेवली. दर गुरुवारी त्या तलावावर पोहायला येणारे अकरा बहिरे लोक होते. त्यांनाही बोलायचं होतं. नेहमीच्या दुभाषी बाईंचं नेमकं आदल्या दिवशी अपेंडिक्स फुगलं. नगरपालिकेतला एक कारकून आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक. मला आईशी हातांनी बोलताना त्याने पाहिलं होतं. त्याने संध्याकाळी फोन केला आणि सकाळी नऊ वाजता मी त्या सभागृहात उभी होते.

चार तास. मधे दहा मिनिटं सुट्टी, त्यात पाणी प्यायले आणि खांदे चोळले. घरी बोलणं वेगळं आणि अकरा अनोळखी लोकांच्या वाक्यांना एकामागून एक आवाज देणं वेगळं. अंदाजपत्रक, गळती, देखभालीचा ठेका... यातले निम्मे शब्द आमच्या घरात कधी लागलेच नव्हते. एकदा एक अधिकारी म्हणाले, "आपल्या सूचनेवर सकारात्मक विचार केला जाईल." मी क्षणभर थांबले आणि मग खूण केली: नाही. अकराच्या अकरा जण हसले. अधिकाऱ्यांना वाटलं आपण काहीतरी छान बोललो, तेही हसले.

तीन आठवड्यांनी बँकेत पैसे जमा झाले आणि टपालाने एक पावती आली. वर लिहिलं होतं: मानधन. खाली रक्कम, त्यातून कापलेला कर आणि हाती आलेली रक्कम. मी बूट घेतले. पावती बॅटऱ्या आणि सुटे स्क्रू ठेवायच्या खणात गेली.

"आण," बाबा म्हणाले.

मी आणली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती, तीही नीट पाहिली.

"ही का दिली नाहीस?"

"कारण ते काम नव्हतं."

"मग काय होतं?"

"नेहमी करते तेच."

बाबांनी उत्तराला हात उचलला. मी घाईने पुढे बोलत गेले. खरं तर मी काही लपवत नव्हते. पण पाच वर्षांची असल्यापासून मी हेच करत आले होते. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे. शाळेत तर माझ्याच तक्रारी मी आईला सांगायचे. बाई म्हणायच्या, "हुशार आहे, पण..." आणि मी फक्त 'पण'च्या आधीचं सांगायचे. तीन वर्षं तो प्रकार चालला, मग प्रगतिपुस्तकात सगळं लेखी आलं. त्या कशाचे मला कुणी पैसे दिले नाहीत आणि मला ते नकोच होते. मग या एकाच सकाळचं काय घेऊन बसायचं?

"आणि लोक म्हणतील, आईबापांची भाषा विकते," मी म्हणाले. मनात खरं खुपत होतं ते हेच. बूट घातले की दर वेळी आठवायचं.

"चष्मे विकतेस तेव्हा काय लोकांचे डोळे विकतेस?" बाबा म्हणाले.

आईने इस्त्रीचा स्विच बंद केला आणि खुर्ची ओढून टेबलाशी आली. तिला आता यातलं काही चुकवायचं नव्हतं.

बाबांनी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. एक चौकट होती, दरवर्षी कोरी सोडायचो ती. 'एकदाच मिळालेलं इतर उत्पन्न.' त्यासमोर रक्कम आणि त्याखाली बोटभर ओळ, 'स्वरूप'. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं: मदत.

बाबांनी खोडरबर घेतलं. कागद दाबून धरला, हलक्या हाताने शब्द खोडला, कण फुंकून टाकले.

"मदतीचे पैसे कुणी देत नाही."

मी लिहिलं: किरकोळ.

पुन्हा खोडरबर. "किरकोळ काय होतं? चार तास उभी होतीस."

"मग तुम्हीच लिहा!"

खुणांमध्ये तू आणि तुम्ही वेगळे नसतात, समोर बोट केलं की झालं. पण त्या वेळी माझं बोट जरा जास्तच जोरात गेलं असणार, कारण आईने माझ्या मनगटावर चापटी मारली.

बाबांनी लिहिलं, छापल्यासारख्या अक्षरांत: दुभाषी, खुणांची भाषा. ओळ बरोबर संपली. त्यांनी आधीच अक्षरं मोजली असणार.

मग खालची ओळ त्यांना दिसली. 'हे उत्पन्न मिळवण्यासाठी झालेला खर्च.' त्यांचे डोळे चमकले.

"बसचं तिकीट," मी म्हणाले.

"आणि शिक्षण."

"कुठलं शिक्षण? मी कुठे शिकले?"

"इथे." त्यांनी टेबलावर टकटक केली. "दूध, पाव, अंडी. अठरा वर्षांची राहण्याची सोय. दोन शिक्षक, चोवीस तास."

"एक शिक्षक," आई म्हणाली. "तुम्ही दुकानात असायचात."

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. डोकं वर केलं तेव्हा त्या दोघांचं शिक्षकांच्या पगारावरून अजून चाललंच होतं.

अडचण एक राहिली. पावतीवर कर आधीच कापलेला दिसत होता. तो या चौकटीत धरायचा की पगाराच्या कराबरोबर, हे माहितीपुस्तिकेत तीनदा वाचूनही कळेना. बाबांनी पुस्तिका मिटली. "मंगळवारी करकचेरीत जाऊ," ते म्हणाले.

"मी जाईन. तुम्ही कशाला?"

"मला फॉर्म बघायचे आहेत."

मंगळवारी मी दुकानातून अर्धा दिवस रजा घेतली. बाबांनी आपल्या दुकानाला कुलूप लावलं आणि आईने इस्त्री केलेला फिका निळा शर्ट घालून आले. करकचेरीच्या दालनात भिंतीला टेकून बाकं होती आणि नंबर भोंग्यावरून पुकारत होते. बाबा एकटे आले असते तर संध्याकाळपर्यंत बसून राहिले असते. आमचा एक्केचाळीस होता. तोवर बाबांनी भिंतीवरच्या कप्प्यांतून प्रत्येक प्रकारचा एकेक फॉर्म काढून आणला होता, त्यात घोड्यांच्या पैदाशीचाही होता.

खिडकीत पन्नाशीच्या बाई होत्या. सर्दी झालेली, तोंडात खोकल्याची गोळी आणि चष्मा एका बाजूला इतका घसरलेला की माझे हात शिवशिवायला लागले. त्यांनी पावती पाहिली, फॉर्म पाहिला.

"सोपं आहे. रक्कम पूर्ण दाखवा, कापलेला कर इथे. थोडे पैसे परतच मिळतील तुम्हाला." मग त्यांचं बोट 'स्वरूप'वर थांबलं. "दुभाषी. कुठली भाषा ही?"

"खुणांची."

"म्हणजे हातवारे?"

बाबा माझ्या शेजारी उभे होते. बाईंचं तोंड कागदाकडे असल्यामुळे त्यांना काही वाचता आलं नव्हतं. त्यांनी माझ्या कोपराला स्पर्श केला. काय म्हणतात?

आता अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं. असे शब्द वाटेतच गाळायचे, खडे वेचावेत तसे. 'कुठली भाषा, असं विचारतायत' एवढं म्हणून भागलं असतं. पण समोर बाबांनीच लिहिलेली ती ओळ होती. मी सांगितलं, "त्या विचारतायत, म्हणजे हातवारे का?"

बाबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांना सांग, हातवारे चौकातला पोलीस करतो. आम्ही बोलतो."

माझी कानशिलं गरम झाली. तरी मी ते तसंच्या तसं सांगितलं, 'चौकातला पोलीस' यासकट.

बाईंनी मान वर केली. चष्मा आणखी घसरला. मला वाटलं आता एक्केचाळीस नंबरचं काही खरं नाही. पण त्या हसायला लागल्या, हसता हसता खोकल्या आणि मग खुर्ची सरकवून थेट बाबांसमोर तोंड करून म्हणाल्या, "चुकलं माझं. भाषा." मी ते सांगायच्या आत बाबांनी मान हलवली. ओठांवरून कळलं होतं.

"त्यांना विचार," बाबा म्हणाले, "हिने हेच काम पुन्हा केलं तर ते याच चौकटीत लिहायचं?"

"बाबा, कोण करतंय पुन्हा?"

"तू विचार. मला काय वाटतं ते विचारायला तू उभी आहेस, तुला काय वाटतं ते नाही."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "पुन्हा केलं तर 'एकदाच' कसं राहील? मग तो व्यवसाय. त्याचा वेगळा फॉर्म." बाबांनी काखेतला गठ्ठा चाळला, वरून चौथा फॉर्म काढून काचेला लावला. "हाच," बाई म्हणाल्या. बाबांनी तो घडी न घालता शर्टाच्या आत ठेवला.

शिक्का बसला, पोच मिळाली. निघताना मला राहवलं नाही. "चष्मा देता का जरा?" मी म्हणाले. बाईंनी गोंधळून दिला. मी डाव्या काडीला अंगठ्याने किंचित बाक दिला, नाकावरची पॅडं जवळ आणली आणि परत केला. त्यांनी घातला, मान खाली-वर करून पाहिली. घसरला नाही.

"हे कुठल्या चौकटीत दाखवायचं?" त्या म्हणाल्या.

"ही मदत," मी म्हणाले आणि बाबांना सांगितलं. ते इतके हसले की रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

बसच्या थांब्यावर बाकावर बसलो. बाबांनी फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज तू काही गाळलं नाहीस."

"कधी गाळते मी?"

"नेहमी."

मी हातातली पोच पर्समध्ये ठेवली.

"छापखान्यातही गाळलं होतंस," ते म्हणाले.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा. बाबा तेव्हा एका छापखान्यात बाइंडिंगला होते. एक दिवस मालकांनी त्यांना सांगितलं, उद्या येताना मुलीला घेऊन ये. मी शाळेचा गणवेश घालूनच गेले. मालक म्हणाले, "सांग तुझ्या बापाला, मशीन आलंय. आता एका बहिऱ्याला सांभाळत बसायला मला वेळ नाही." शब्द न शब्द मला आजही ऐकू येतो. मी बाबांकडे वळले आणि म्हणाले, "नवीन मशीन आलं आहे. मालकांना फार वाईट वाटतंय. तुम्ही खूप सुंदर काम केलंत, असं म्हणतायत." बाबांनी पुढे होऊन मालकांचा हात हातात घेतला होता आणि त्यांचे आभार मानले होते. ते मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"मी त्यांच्याकडे बघत होतो. वाईट वाटणारा माणूस दोनदा घड्याळ बघत नाही."

"मग आभार का मानलेत?"

"तू मला वाचवत होतीस. मला सगळं कळलंय हे तुला कळलं असतं, तर तुझी सगळी मेहनत वाया गेली असती."  शर्टाच्या बाहीवर काहीतरी लागलं होतं ते त्यांनी झटकलं. "नऊ वर्षांची होतीस. किती अवघड काम होतं ते. मी तेव्हाच ठरवलं, दुकान काढायचं. कुणाचं बोलणं आणायला तुला पुन्हा पाठवायला नको."

 मी त्यांच्या दंडावर डोकं टेकलं. मग ते काहीतरी म्हणतायत असं वाटलं म्हणून वर पाहिलं, तर ते म्हणत होते, "तरी पाठवत राहिलोच. बँकेत, सगळीकडे. दुसरं कोण होतं?"

"मला आवडायचं," मी म्हणाले.

"खोटं."

"थोडंसं आवडायचं. बँकेत गोळ्या द्यायचे."

"गोळ्या?" बाबा सरळ बसले. "दर वेळी? ते उत्पन्न कधी दाखवलं नाहीस!"

एवढ्यात बस आली, थांबली आणि गेली. दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होतो, त्यामुळे मागचा दिवा तेवढा दिसला. पुढची पंचवीस मिनिटांनी होती. आम्ही चालत निघालो. शेजारी शेजारी चालत बोलायचं म्हणजे एकाने समोर बघायचं आणि दुसऱ्याने हातांकडे. लहानपणी खांबांपासून मला बाबा वाचवायचे, आता मी त्यांना वाचवते. घरापर्यंत दोन खांब आणि एक सायकल चुकवली.

आईला सगळं सांगायला तासभर लागला. पोलिसाचं वाक्य तिने बाबांकडून तीनदा करून घेतलं. छापखान्याचं मी सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिने माझा हात घेतला आणि मांडीवर सपाट ठेवून, चादरीची सुरकुती काढावी तसा दोनदा वरून तळवा फिरवला. "मला त्याच रात्री यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली. म्हणजे जिच्या पोटात काही राहत नाही असं मी जन्मभर म्हणत आले, तिने एवढी गोष्ट इतकी वर्षं जपून ठेवली होती.

दीड महिन्याने परताव्याचं पत्र आलं. रक्कम एवढीशी होती की तिघांचं बाहेर एक जेवणही झालं नसतं. आम्ही केक आणला आणि वर थोडे पैसे बाबांनी घातले.

तलाव अजून बंद झालेला नाही. सकारात्मक विचार चालू आहे.

आणि परवा संध्याकाळी फोन आला. हॉस्पिटलमधून, एक बाई बोलत होत्या. बाळंतपणाला येणारं एक जोडपं, दोघंही बहिरे, तपासणीला दर पंधरवड्याला कुणीतरी सोबत हवं. नगरपालिकेकडून माझं नाव मिळालं होतं. "तुम्ही येऊ शकाल का? म्हणजे तेवढीच मदत होईल," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीत बसले.  "येईन," मी म्हणाले, "तासाची फी किती देता?"

माझ्या आवाजाला जरासा कंप होता, पण तो फक्त त्या बाईंना ऐकू गेला असेल. आई-बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते आणि दोघांचे हात एकदम चालू झाले होते. कोण? काय म्हणतात? कुणाचा फोन? माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात पेन. बाई आकडा सांगत होत्या, वार सांगत होत्या, मी लिहून घेत होते. मी मान हलवून आई-बाबांना थांबायला सांगितलं आणि कागदावर पुढचा वार लिहिला.